प्लाझ्माआधी नळी बघा

आयसीपीचा (द्रावणाचा फवारा प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त वायूत, सोडून त्यातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) सिग्नल का घसरतो, असा प्रश्न आहे. टॉर्च (प्लाझ्मा धरणारी नळी) गेली किंवा आरएफ पॉवर (प्लाझ्मा पेटता ठेवणारी रेडिओ लहरींची ऊर्जा) कमी पडतेय, असं वर दोघांनी म्हटलंय. असू शकतं, पण माझा अनुभव वेगळा आहे. 6000 ते 10,000 केल्व्हिनचा तो प्लाझ्मा बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. गोंधळ त्याच्या दारात पोचण्याआधीच झालेला असतो. साध्या न्यूमॅटिक नेब्युलायझरने (वायूच्या झोताने द्रावणाचा फवारा करणारा भाग) ओढलेल्या द्रावणातलं जेमतेम 1-2 टक्के प्लाझ्मात जातं, मोठे थेंब स्प्रे चेंबरच्या भिंतीवर आपटून ड्रेनला लागतात. त्या एवढ्याशा वाट्यात जरा फरक पडला की आकडे हलणारच.

इथे कुणी न लिहिलेली एक युक्ती सांगतो. सॅम्पलची नळी क्षणभर द्रावणाबाहेर काढून हवेचा एक बुडबुडा आत जाऊ द्या आणि तो कसा सरकतो ते बघा. आमच्याकडे यिट्रियमचा इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी प्रत्येक नमुन्यात सारखंच घातलेलं मूलद्रव्य) दुपारनंतर खाली यायचा. बुडबुडा सोडला तर तो पंपाच्या रोलरगणिक अडखळत, धक्के खात चाललेला! पेरिस्टाल्टिक पंपाची (रोलरने नळी दाबत द्रावण पुढे ढकलणारा पंप) नळी चपटी पडली होती, बस्स. नवी घातली, क्लॅम्पचा ताण नीट लावला, सिग्नलची रेषा सरळ झाली. (काम संपल्यावर क्लॅम्प सैल करून ठेवायचा कंटाळा केला, त्याचे हे भोग.) आणि हो, नेब्युलायझर तुंबला म्हणून काचेचा असेल तर अल्ट्रासॉनिक बाथमध्ये टाकू नका, टोक फुटू शकतं. उलट्या दिशेने पाणी ढकलून बघा आधी.