गुपचूप बदललेल्या बातमीची जुनी आवृत्ती कशी मिळवायची? मदत हवी आहे

बातम्यांचा दर्जा कसा घसरतोय यावर मी टिपण लिहितोय. एका वृत्तसंस्थळाने सनसनाटी मथळ्याची बातमी आधी टाकली, ती हजारोंनी पुढे पाठवली आणि दोन दिवसांनी मथळा व आतला मजकूर दोन्ही बदलले. 'दुरुस्ती केली आहे' अशी एक ओळही नाही. छापील अंकात निदान दुसऱ्या दिवशी चूकभूल छापावी लागायची आणि जुना अंक ग्रंथालयात तसाच राहायचा. इथे पुरावाच पुसला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारं संस्थळ) पाहिलं, पण तिथली सर्वात जुनी प्रत बदलानंतरची आहे. गूगलची कॅश प्रत (गूगलने स्वतःकडे साठवलेली पानाची प्रत) २०२४ पासून मिळत नाही. पानाच्या सोर्स कोडमध्ये 'डेटपब्लिश्ड' (प्रसिद्धीची वेळ) आणि 'डेटमॉडिफाइड' (बदलाची वेळ) या दोन वेगळ्या वेळा दिसतात, म्हणजे पानाला नंतर हात लागला असावा, पण काय बदललं ते त्यातून कळत नाही. माझ्याकडे मूळ मथळ्याचा स्क्रीनशॉट आहे. तो कोणीही बनावट म्हणू शकेल, म्हणून त्यावर विसंबायचं नाही. संपादकांना दोनदा ईमेल केली, उत्तर नाही.

मला प्रोग्रामिंग येत नाही आणि सशुल्क सेवा परवडणार नाही. आरएसएस फीड रीडरमध्ये (संस्थळाच्या नव्या बातम्या आपोआप गोळा करणारं ॲप) पहिली आवृत्ती साठून राहते असं वाचलंय. मी त्या फीडचा सदस्य नव्हतो, तरी ती आता कुठून मिळू शकेल का? आणि यापुढे साधारण ४० मराठी बातम्यांचा प्रत्येक बदल तारीखवेळेसह आपोआप जपणारं मोफत साधन कोणी स्वतः वापरलंय का?