मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर परत धुरकट दिसतंय, लेसर करावा का?

खडीसाखर:
मंडळी, आईच्या (वय ६८) उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पावणेदोन वर्षांपूर्वी झालं, पहिलं वर्ष एकदम झकास, सुईत दोरा स्वतः ओवायची. आता दोन-तीन महिने म्हणते धुक्यातून बघितल्यासारखं वाटतं, रात्री समोरून गाडी आली की लाईट नुसता फुटतो, आणि काल तांदूळ निवडताना म्हणाली खडे दिसतच नाहीत, तूच बघ बाई. चष्म्याचा नंबर बदलून आणला, काडीचा फरक नाही. शेजारच्या काकू म्हणतात मोतीबिंदू परत आला. डॉक्टर म्हणाले मागच्या पडद्यावर जाळी आलीये, याग लेसर करू, पाच मिनिटांचं काम, आणि लगेच पुढचा पेशंट आत. आईने लेसर ऐकूनच हाय खाल्लीये, "परत डोळा कापायचा नाही" म्हणून हटून बसलीये. तिला शुगर पण आहे. कुणी केलंय का?

घाटमाथा:
केलंय, दोन्ही डोळ्यांचा. थेंब टाकून बाहुली मोठी व्हायलाच तासभर गेला, खरा कंटाळा तोच. मग नेहमीच्या तपासणीसारखी हनुवटी मशीनवर टेकवायची, डोळा बधिर करायचा थेंब, डोळ्यावर एक काच धरतात आणि टक टक आवाज येतो. इंजेक्शन नाही टाका नाही पट्टी नाही, दुखलं तर अजिबातच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दारातल्या तुळशीची पानं मोजता येत होती. हां, आठवडाभर डोळ्यासमोर चिलटासारखं काहीतरी फिरायचं, मी दोनदा हवेत टाळी मारली 😄

काजळरेघ:
मी डोळ्यांच्या दवाखान्यातच तपासणीचं काम करते. काकूंना सांगा मोतीबिंदू परत येत नसतो, येणार कशात, ते भिंगच काढून टाकलंय! ते भिंग एका पातळ पिशवीत असतं, ऑपरेशनमध्ये पिशवी ठेवतात आणि नवीन लेन्स तिच्यातच बसवतात. कितीही साफ केलं तरी कडेला थोड्या पेशी राहतात, त्या वाढत वाढत पिशवीच्या मागच्या बाजूवर पसरल्या की धुरकट दिसायला लागतं. म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही. लहान मुलांमध्ये तर हे इतक्या झपाट्याने होतं की बरेचदा ऑपरेशनच्या वेळीच मागची बाजू उघडून ठेवतात. लेसर त्या जाळीत मधोमध खिडकी पाडतो, बस. पूर्वी हेच डोळ्यात सुई घालून करावं लागायचं, १९८० नंतर याग आला आणि ते थांबलं.

खरा घोळ "पडदा" या शब्दाचा आहे. डॉक्टर म्हणाले तो पडदा म्हणजे या पिशवीची मागची बाजू, पण आपण रेटिनालाही (डोळ्याच्या आत मागे चित्र उमटतं तो थर) पडदाच म्हणतो, आणि शुगरवाल्यांना रेटिनावर करतात तो लेसर वेगळा, त्याचा जाळीच्या या लेसरशी संबंध नाही. पण शुगर आहे म्हणून आधी रेटिना बघून घ्या, ओसीटी म्हणजे रेटिनाचा स्कॅन करा. तिथे सूज असेल तर खिडकी पाडूनही धुरकटच दिसणार आणि मग काकू म्हणणार बघा मी सांगितलं होतं.

उंबरठा:
सगळे पाच मिनिटं पाच मिनिटं म्हणतात म्हणून लिहितोय. बाबांना तरुणपणापासून मोठा मायनस नंबर, लेसरनंतर दोन महिन्यांनी रेटिना सुटला. चमका दिसत होत्या, काळे ठिपके वाढले होते, पण आम्हाला वाटलं ते चिलटंच असणार आणि आठ दिवस वाया घालवले. आधी कुणी धड सांगितलंच नव्हतं.

काजळरेघ:
दादा वाईट वाटलं वाचून. असं क्वचित होतं पण होतं, मोठ्या मायनस नंबरवाल्यांना जास्त धोका. थोडी चिलटं फिरणं वेगळं, पण चमका, अचानक ठिपक्यांचा पाऊस किंवा बाजूने सावली सरकतेय असं वाटलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लेसरनंतर डोळ्याचं प्रेशर पण कधी कधी वाढतं, ते मोजल्याशिवाय घरी निघू नका, काचबिंदू असेल तर आधीच सांगा. आणि बसवलेली लेन्स सुरुवातीपासूनच मानवली नसेल तर तेही लेसरच्या आधीच बोला, खिडकी पाडल्यावर लेन्स बदलणं फार अवघड होऊन बसतं.

खडीसाखर:
खूप आभार सगळ्यांचे. ओसीटी झालं, सूज नाही. आईला मायनस नंबर कधीच नव्हता. मंगळवारी लेसर ठरलाय. सुरी नाही म्हटल्यावर तयार झाली, पण म्हणते तुझ्या त्या मोबाईलवाल्यांना आधी विचार, मागच्या वेळी पंधरा दिवस डोक्यावरून पाणी घेऊ दिलं नव्हतं, या वेळी काय?

घाटमाथा:
खुशाल घ्या म्हणावं. मी त्याच संध्याकाळी घेतलं होतं.