टक्केवारी, दाखले, क्लेम : तुमचे अनुभव लिहा

खिडकीजवळ
काल खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातच गाठलं. काकांना अपंगत्वाच्या दाखल्यासाठी डॉक्टरांच्या बोर्डापुढे न्यायचंय, कागद काय काय लागतात? हातात भाजीची पिशवी तशीच धरून मी घडाघडा म्हणून दाखवलं. आधार, रेशनकार्ड, फोटो, न्यूरोवाल्यांचे सगळे कागद, एमआरआयची फिल्म (नुसता रिपोर्ट चालत नाही असं ऐनवेळी सांगतात), सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स. सहा वर्षं झाली, अजून पाढ्यासारखं पाठ आहे. घरात आले आणि मग मात्र सुचेना.

बाबांना पार्किन्सन्स होता, म्हणजे कंपवात. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे ७चे २१ प्रकार झाले, त्यात तो आहे. पण सवलती धरल्या जातात ४० टक्क्यांपासून. बोर्डाच्या दिवशी बाबा पाचला उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. सरकारी कामाला गबाळं जायचं नाही. गोळी दहाला घेतली, नंबर लागला पावणेअकराला. ज्यांच्या घरी हे दुखणं आहे त्यांना कळलंच असेल. गोळी चढली की तास-दोन तास माणूस सुतासारखा. डॉक्टर म्हणाले चालून दाखवा. बाबा पंधरा ऑगस्टच्या संचलनासारखे चालले. वळून परत आले. बटण काढून लावून दाखवलं. ३५ टक्के.

रात्री कुशीवर वळवायला मी दोनदा उठायचे, ते कुठल्या रकान्यात भरणार? रिक्षात मी बाबांवरच ओरडले, एवढं ताठ चालायची काय गरज होती? म्हणाले, "चाला म्हणाले म्हणून चाललो."

फेरतपासणीला गेलो तेव्हा तिथल्या शिपायाने हळूच सांगितलं, "ताई, आज गोळी जरा उशिरा द्या." मी दिलीच नाही. पर्समध्ये होती. बाबा बाकावर बसल्या बसल्या कडक होत गेले. "दहा वाजले का गं?" तीनदा विचारलं. तीनदा मी म्हटलं, अजून वेळ आहे. समोर भिंतीवर घड्याळ होतं, पण मान वळत नव्हती त्यांची.

६० टक्के मिळाले. बाहेर आल्याबरोबर नळाच्या पाण्याबरोबर गोळी दिली.

बाबा आता नाहीत. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. तुमच्याकडे काय काय झालं ते लिहा. टक्केवारी, क्लेम, पेन्शन, काहीही चालेल.

डबेवाली_मम्मी
वाचून पोटात गोळा आला गं. तू काही चुकीचं केलं नाहीस.

आमचा लेक १४ वर्षांचा, बौद्धिक अपंगत्व. पहिलं प्रमाणपत्र मुदतीचं होतं. मुदत संपली की परत रांग, परत तेच ठोकळे, परत "बाळा, आईचं नाव सांग". मागच्या वेळी त्याने त्या मॅडमनाच विचारलं, तुझ्या आईचं नाव काय? त्या हसल्या, मी घाबरले, म्हटलं आता आयक्यू वाढवतात की काय :)

निरामयचं मात्र चांगलं सांगते. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा आरोग्यविमा, १ लाखापर्यंत, आधी तपासणी नाही. आमच्या थेरपीचे थोडे पैसे त्यातून निघतात. बिलं वेळेत पाठवायची एवढंच. बस आली, नंतर लिहिते.

सातबारा
आमच्याकडे संजय गांधी निराधार अनुदान योजना. आजी निराधार आहे हे सिद्ध करायला चार माणसं लागली, हीच गंमत.

उत्पन्नाची अट ऐका. कुटुंबाचं वर्षाचं २१,०००. महिन्याचे १,७५० झाले. अनुदान १,५००. म्हणजे घर १,७५०च्या आत चालतंय असा सरकारी कागद आणला तर तुम्ही खरे गरीब. दाखल्याला गेलो तर समोरच्याने मान वर न करता विचारलं, "कशासाठी, निराधार ना?" आणि लिहिले २१,०००. शेजारच्या म्हातारीचे २१,०००. सरपंचाच्या मावशीचे पण तेवढेच. अख्ख्या गावाचं उत्पन्न पैशाचा फरक नसलेलं. समाजवाद आला म्हणायचा.

पैसे मात्र येतात हां. उशिरा येतात, पण त्या दिवशी आजी स्वतः बँकेत जाते आणि येताना आम्हाला पेढे आणते. स्वतःच्या पैशाचे.

चहा_कमी_साखर
हाहा सातबारा, अगदी. आमच्या तालुक्यातही तोच आकडा.

ऊन_सावली
माझा राग मेडिक्लेमवर आहे. नवऱ्याला डेंगी, पाच दिवस ॲडमिट. विमा ५ लाखांचा, पण खोलीचं भाडं दिवसाला १ टक्का, म्हणजे ५,०००. ५,०००वाली खोली रिकामी नव्हती, ८,०००ची घेतली. वाटलं रोजचे ३,००० आपल्या खिशातून जातील, जाऊ देत. कसलं काय! डॉक्टरांच्या व्हिजिट, नर्सिंग, सगळंच आठातले पाच या हिशोबाने कापलं. औषधं तेवढी वाचली. पॉलिसीच्या सोळाव्या पानावर लिहिलेलं असतं हे. सोळावं पान कोण वाचतं? आता मी वाचते. शेजाऱ्यांचीही वाचून देते.

आणि डिस्चार्ज! विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या आयआरडीएने २०२४ मध्ये नियम केलाय, शेवटची मंजुरी तीन तासांत द्यायची. आम्ही सकाळी दहाला कपडे घालून पलंगावर बसलो ते संध्याकाळी सातला निघालो. नवरा म्हणाला, एवढ्या वेळात डेंगी परत झाला असता.

पोस्टातला_अण्णा
क्लेम नाकारला तर गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, ३० दिवस थांबा, मग विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही. माझ्या साडूंचा क्लेम "घरीच उपचार शक्य होते" म्हणून फेटाळला होता. ८१ वर्षांचा माणूस, न्यूमोनिया, एकटा राहणारा! लोकपालांकडे बहुतेक रक्कम मिळाली. कंपनीचं शेवटचं पत्र आल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं, हे विसरू नका.

ऊन_सावली
अण्णा, अर्ज कसा लिहिलात? मला व्यक्तिगत निरोप कराल का?

पोस्टातला_अण्णा
करतो. आधी जेवून घेतो, नाहीतर माझाच क्लेम टाकावा लागेल.

तिसरी_पाळी
तुमचं सगळं दवाखान्यातलं आहे. माझं दवाखान्यातून घरी आल्यानंतरचं.

आईचं खुब्याचं हाड मोडलं. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन झालं, एक रुपया लागला नाही, तिथल्या आरोग्यमित्राने धावपळ केली, त्याचं भलं होवो. पाचव्या दिवशी घरी सोडलं. तिथून पुढे आम्ही आणि आमचं नशीब. एअर बेड, डायपर, कॅथेटरची पिशवी, दिवसाची मावशी, ती नाही आली की माझी रजा. मी रात्रपाळी करते, सकाळी आठला येऊन आईला पुसते, फिरवते, पाठीला पावडर लावते, मग झोपते. सत्तरीनंतरचं ते आयुष्मान वय वंदना कार्डही काढलं, ५ लाखांचं. पण त्याला माणूस ॲडमिट हवा! घरी पडलेल्या माणसाचं पॅकेज नाही. आरोग्यमित्राला सहज विचारलं, माझ्या पाठीचं काही बसतं का हो योजनेत? तो बिचारा खरंच यादी बघायला लागला.

सातबारा
२०१६च्या कायद्यात कलम २४मध्ये काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी. आमच्या तहसिलीत विचारलं तर म्हणाले, कोणाचा वाहक?

तिसरी_पाळी
ड्रायव्हरपण पाहिजे म्हणावं.

गावठी_लिंबू
धर्मादाय दवाखान्यांचं कुणी लिहिलं नाही अजून? १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार अशा मर्यादा. बोर्ड दर्शनी भागात हवा. आमच्या इथे होता, त्याच्यापुढे कुंडी ठेवली होती. मनी प्लांटची.

स्टेथो_खुंटीवर
मी डॉक्टर आहे. जिल्हा रुग्णालयात चार वर्षं बोर्डावर बसलो, आता निवृत्त. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

बोर्डाचा वार ठरलेला. बाहेर साठ-सत्तर माणसं, दीडपर्यंत सगळी बघायची. एकाच्या वाट्याला पाच-सहा मिनिटं. तक्ते केंद्राचे आहेत. सांधा किती अंशात वळतो, ताकद किती, त्यावरून आकडा निघतो. पोलिओच्या पायाला तो तक्ता ठीक आहे, कारण पाय सकाळी आणि रात्री सारखाच असतो. पार्किन्सन्स, मानसिक आजार, कमी-जास्त होणारी दुखणी यात पाच मिनिटांत फसायला होतं. शिवाय खोटी प्रमाणपत्रं घेणारेही भेटतात, त्यामुळे नजर संशयी होते आणि तो संशय नेमका इस्त्रीचा शर्ट घालून येणाऱ्यावर निघतो. खिडकीजवळ, तुमच्या बाबांसारखे मी पाहिलेत. कमी टक्के दिलेतही असतील.

चहा_कमी_साखर
डॉक्टर, स्पष्ट लिहिलंत, बरं वाटलं. अपंगत्वाच्या त्या नवीन कार्डांच्या रंगांचं काय आहे? पुतण्याला पांढरं आलंय.

स्टेथो_खुंटीवर
पांढरं ४०च्या खाली, पिवळं ४० ते ८०च्या आत, निळं ८० आणि वर.

सातबारा
रेशनकार्डातही पांढरं मिळालं की समजायचं काही मिळत नाही. रंग बदलला नाही सरकारने, कौतुक आहे.

नवी_पालवी
विषय सोडून विचारते, खिडकीजवळ, तुमचे बाबा काय करायचे?

खिडकीजवळ
छापखान्यात कंपोझिटर होते. अक्षरांचे खिळे जुळवायचे, तेही उलटे. हाताला कंप सुटल्यावरही तांदूळ निवडायला बसले की बोटं बरोबर चालायची, खडा लगेच सापडायचा. बोर्डापुढे तांदूळ नेले नाहीत हे बरं, २० टक्केच मिळाले असते.

कुकर झाला, येते. तिसरी_पाळी, झोपलीस का?

तिसरी_पाळी
कामावर आहे. दोनला चहा.

हिरवं_दार
पहिल्यांदाच लिहितोय. आईला पार्किन्सन्स, उद्या बोर्ड आहे. गोळी अकराची असते. वरचं वाचल्यापासून काय करावं कळत नाहीये.

स्टेथो_खुंटीवर
गोळी वेळेवर द्या. एकदम चुकवली तर गिळायला त्रास होतो, तोल जातो, बाकावरून पडल्या तर नवीनच दुखणं. आज रात्री त्या कूस कशी वळतात, पहाटे उठतात कशा, याचा व्हिडिओ काढा, दोन मिनिटांचा. न्यूरोवाल्यांच्या कागदावर गोळी उतरल्यावर काय होतं ते लिहिलेलं असेल तर त्याच्या कडेला पेन्सिलीने खूण करा, पान शोधण्यात वेळ जातो. आत गेल्या गेल्या तुम्हीच आधी बोला.

हिरवं_दार
फोन आत नेऊ देतात का?

स्टेथो_खुंटीवर
देतात. पूर्ण चार्ज करून न्या, बाहेर दुपार होईल. आईंसाठी डबा घ्या.