भक्ती बर्वेंना आपण फुलराणीतच कोंडून ठेवलंय का?

कृष्णाकाठची

परवा रात्री लेकीबरोबर 'जाने भी दो यारो' बघितला. मी कितव्यांदा ते आठवत नाही, ती पहिल्यांदा. पोरगी एकोणीस वर्षांची, मोबाईल बाजूला ठेवून पिक्चर बघणारी नव्हे. अर्ध्यात एकदम म्हणाली, आई ती एडिटर बाई कोण गं, सगळ्यात डेंजर तीच आहे. मी म्हटलं अगं ती भक्ती बर्वे, आपल्या सांगलीत जन्मलेली. तर म्हणे म्हणजे ती फुलराणीच्या स्वगतवाली? तीच का ही??

तेव्हापासून डोक्यात घोळतंय म्हणून हा धागा काढला. आपल्याकडं गॅदरिंग असो, वक्तृत्व असो, अभिनय स्पर्धा असो, एक तरी मुलगी फुलराणीचं स्वगत करतेच. मी पण केलंय आठवीत, परकर पोलका नेसून. बाईंच्या नावानं आपल्याला एवढंच येतं. १० सप्टेंबर १९४८ ला सांगलीत जन्म, आधी आकाशवाणीवर निवेदन, मग मुंबई दूरदर्शनवर बातम्या, १९७५ ला पुलंची 'ती फुलराणी', 'आई रिटायर होतेय', 'गांधी विरुद्ध गांधी'त कस्तुरबा, १९९० ला संगीत नाटक अकादमी. आणि १९८३ च्या त्या पिक्चरमधली एडिटर बाई शोभा सेन, जिचा उल्लेख आपण शेवटच्या ओळीत "हिंदीतही काम केले" असा उरकतो.

माझं म्हणणं असं की ती शोभा सेन हे एका मराठी बाईनं केलेलं सगळ्यात मोठं विक्षिप्त विनोदी काम आहे. 'ॲब्सर्ड' म्हणतात ना तसलं. आख्ख्या पिक्चरमधे प्रेतं फिरतायत, दारू प्यालेला ओम पुरी शवपेटीला मोटारगाडी समजून तिच्याशी बोलतोय, शेवटी भर महाभारतात मेलेला माणूस द्रौपदी होतो, आणि या सगळ्यात ही बाई एकदाही, एकदाही, चेहऱ्यानं सांगत नाही की मी विनोद करत्येय. सत्य, पत्रकारिता, समाज असं सगळं गोड बोलते आणि त्याच तोंडानं बिल्डरशी पैशाचा भाव ठरवते.

आपण तिला विनोदी नटी म्हणून कधी मोजलंच नाही. का नाही, ते मला विचारायचंय.

मिरजकर_जंक्शन

ताई लिहिलंय छान पण 'ॲब्सर्ड' शब्द जरा जपून वापरा की. असंगत नाटक म्हणजे ज्यात जगण्याचा अर्थच हातातनं सुटतो, नुसता गोंधळ म्हणजे ॲब्सर्ड नव्हे. मराठीत ते सतीश आळेकरांनी केलं, १९७४ चं 'महानिर्वाण' बघा, मेलेला भाऊराव स्वतःच्याच मरणावर कीर्तन करतो. त्याच्यापुढं पिक्चरमधलं प्रेत म्हणजे पळापळ आहे, फार्स आहे. चांगला फार्स आहे, मला पण आवडतो, पण फार्सच.

आणि दुसरं म्हणजे बाईंची हयात गेली स्टेजवर. फुलराणी, कस्तुरबा हे तासन्‌तास खांद्यावर वाहायचे रोल. एका हिंदी सिनेमातल्या साइड रोलसाठी ते सगळं बाजूला सारायचं हे मला पटत नाही. रंगभूमीची नटी होती ती, रंगभूमीवरच मोजा.

पेवातली_हळद

मिरजकरांशी सहमत, आणि श्रेय कुणाचं हा पण प्रश्न आहेच. तो पिक्चर कुंदन शहांचा. संवाद रणजित कपूर आणि सतीश कौशिकचे. जेमतेम सात लाखांत केलेला पिक्चर, सगळे एकापेक्षा एक, नसीर, ओम पुरी, पंकज कपूर, सतीश शहा. त्यात कुणीही उभं केलं असतं तरी चाललं असतं. वेडेपणा लिहिणाऱ्याचा आहे, करणाऱ्याचा नाही.

कृष्णाकाठची

हळद, हे "कुणीही चाललं असतं" नका ना म्हणू, इथंच मला राग येतो. त्या पिक्चरसाठी विनोदी भूमिकेचं फिल्मफेअर रवी बासवानीला मिळालं, योग्यच मिळालं, पण शोभा सेनची कुणाला आठवण पण झाली नाही कारण ती "विनोदी" वाटलीच नाही. आणि तीच तर गंमत आहे! सगळे येड्यासारखे वागत असताना एक माणूस पूर्ण शहाण्यासारखा वागला की बाकीच्यांचा येडेपणा दुप्पट दिसतो. ते काम तिच्या एकटीवर आहे.

आता परत बघाल तेव्हा आवाज ऐका फक्त. डोळे मिटून ऐका. मी ऐकला. तो बातम्यांचा आवाज आहे. प्रत्येक शब्दाचा शेवट पूर्ण, कुठं घाई नाही, वाक्य संपताना किंचित खाली उतरणारा. ज्यांच्याकडं तेव्हा टीव्ही होता त्यांनी हाच आवाज संध्याकाळी घरात बसून ऐकलेला, खरं सांगणारा म्हणून. त्याच आवाजात ती पिक्चरभर थापा मारते. हे कुठल्या संवादलेखकानं लिहिलं? हे लिहिता येतच नाही, ते तिनं येताना बरोबर आणलं.

मिरजकर, शब्दाबद्दल तुमचं थोडं मान्य. फुलराणीला मी ॲब्सर्ड म्हणणार नाही, ते बांधेसूद नाटक आहे. पण शोभा सेनवरनं मी हटणार नाही. शेवटी दोघे गरीब फोटोग्राफर आत जातात आणि सगळे चोर सुटतात, त्यात अर्थ हातातनं सुटत नाही तर काय होतं?

गावभाग_काका

बाळ, तू भावनेनं लिहितेस ते चांगलं आहे, पण सांगलीचा काय संबंध हे मला कळेना. जन्म इथं झाला एवढंच. घडली ती मुंबईत, नाटक मुंबईचं, आकाशवाणी दूरदर्शन मुंबईचं. आपण सांगलीकर प्रत्येकाला "आपला" म्हणून ओढत असतो. ज्यांना ओढायचं ते खरे आपले आहेत की, विष्णुदास भावे. १८४३ साली सीता स्वयंवर झालं ते इथं, राजेसाहेबांच्या आश्रयानं. हरिपूरचे नाटककार देवल. खाडिलकर. देवलांचा 'संशयकल्लोळ' अजून हसवतो, शंभर वर्षं उलटली तरी. विनोदाची परंपरा सांगायची तर तिथून सांगा.

कृष्णाकाठची

काका, तुमचा मुद्दा मोठा आहे पण तुम्हीच माझ्या हातात काठी दिली बघा. भाव्यांच्या नाटकात सीता कोण व्हायचं? मुलगा. देवलांच्या नाटकातली रेवती पण कित्येक वर्षं पुरुषांनीच केली. म्हणजे आपल्या गावात मराठी नाटकाचा जन्म झाला तेव्हा तिथं बाईच नव्हती, मग विनोद करणारी बाई कुठनं असणार. म्हणून तर मला १९४८ ला याच गावात जन्मलेल्या मुलीचं महत्त्व वाटतं. घडली मुंबईत, मान्य, तक्रार नाही.

कवलापूरचा_ढोलकीवाला

चर्चा लई भारी चाललीय पण सगळे नाटकावरच बोलायला लागलाय, तमाशा कुनी धरंना. आमच्या कवलापूरचे काळू-बाळू विसरलासा काय. जुळे भाऊ, दोगं बी हवालदार होऊन उभं ऱ्हायचं आन बघनाऱ्याला कळायचंच नाही ह्यो कोन त्यो कोन. एक बोलतोय आन मार दुसऱ्याला. त्याला तुमी फार्स म्हना, असंगत म्हना, काय बी म्हना, माझा आजा हसून हसून राहुटीत आडवा व्हायचा. ते लिव्हलेलं नव्हतं कुनी. वगाची गोष्ट तेवढी ठरल्याली, बाकी जागेवर. तवा हळद भाऊ, येडेपना करनाऱ्याचाच असतो, हे तमाशावाल्याला इचारा.

पन ताईचं एक खरं हाय. तमाशात बाई नाचती, गाती, सवाल जवाब करती, पन सोंगाड्या कायम गडी. गौळणीतली मावशी बी गडीच. बाईचं हसं करायचं ते बी गड्यानं लुगडं नेसून. आसं का ते मला बी कधी कळलं नाही.

मिरजकर_जंक्शन

हे कवलापूरकरांनी एक नंबर लिहिलं. पण मग आजचं काय? निर्मिती सावंत, विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव. हास्यजत्रेत नम्रताच्या एंट्रीला टाळ्या पडतात. निर्मिती सावंतची गंगूबाई नॉनमॅट्रिक घराघरात होती. मराठी माणूस विनोदी बाईला मानत नाही हे आता कसं म्हणता येईल ताई?

कृष्णाकाठची

मानतो पण एका अटीवर. तिनं आधी स्वतःला हास्यास्पद करायचं. वेडंवाकडं नेसायचं, तोतरं बोलायचं, अंगावर धडपडायचं. हे हलकं आहे असं मी अजिबात म्हणत नाही, निर्मिती सावंतचं टायमिंग ज्यानं बघितलंय तो असं म्हणूच शकत नाही. पण नीटनेटकी साडी नेसलेली, हुशार, देखणी बाई नुसत्या गंभीरपणानं हसवते, तिला आपण विनोदी म्हणतच नाही. तिला "सशक्त अभिनेत्री" म्हणतो आणि विषय संपवतो.

माझंच सांगते. कॉलेजात एकांकिकेत एका सरकारी साहेबाचा पार्ट होता, तो माणूस शेवटपर्यंत फाईल सोडत नाही, मागं भिंत पडते तरी सोडत नाही. मला तो इतका करायचा होता, घरी आरशासमोर पाठ करून गेले. बसवणारे सर म्हणाले मुलीनं हे केलं तर लोक हसणार नाहीत, तू आई कर. दोन वाक्यं होती आईला, दोन्ही रडायची. पंचवीस वर्षं झाली, साहेबाचा पार्ट मला अजून पाठ आहे. शोभा सेन बघताना मला दरवेळी ती भिंत आठवते.

जतचा_पोरगा

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. मला फुलराणीच आवडत नाही. नाटक म्हणून ग्रेट असेल पण त्यात हसायचं कशाला, तर त्यातली नायिका मंजू 'न' 'ण' नीट बोलत नाही म्हणून. मी जतकडचा. सांगलीला शिकायला आलो तेव्हा वर्गात "आनि" म्हटलं की मागनं हसायचे. एका सरांनी मला फळ्यापुढं उभं करून पाणी, लोणी, आणि हे शब्द दहा दहा वेळा म्हणायला लावले होते, सगळा वर्ग हसत होता. नंतर गॅदरिंगला त्याच वर्गातल्या एका मुलीनं फुलराणी केली आणि तेच सगळे टाळ्या वाजवत होते. मी उठून बाहेर गेलो. आमच्या बोलण्याची टिंगल आणि वर त्याला अभिनयाचं बक्षीस.

कृष्णाकाठची

भाऊ, तुझ्यावर झालं ते वाईटच झालं, आणि गॅदरिंगच्या फुलराणीबद्दल तू म्हणतोस ते बरोबर आहे. मी पण आठवीत तसंच केलं होतं, "अशुद्ध" बोलून हशा घेतला होता, आज त्याची लाज वाटते.

पण भक्ती बर्वेंचं रेकॉर्डिंग एकदा बघ, माझ्यासाठी म्हणून बघ. ते स्वगत रडवेल्या रागातनं सुरू होतं. आपण पोरीपोरी पहिल्या वाक्यापासून कंबरेवर हात ठेवून ठसक्यात सुरू करतो, ती तसं करत नाही. आधी अपमान झालेला दिसतो, खरोखरचा. मग ती तिला शुद्ध बोलायला शिकवणाऱ्या मास्तरावर सूड घ्यायची स्वप्नं रंगवायला लागते आणि त्या स्वप्नात ती वाढत वाढत जाते. लोक हसतात ते मास्तरावर. तिच्या 'न'वर नाही. आणि हे कोण करतंय, तर जिचा 'ण' दूरदर्शनवर प्रमाण म्हणून ऐकला जायचा ती. दोन्ही भाषा तिच्या तोंडात होत्या आणि एकीला दुसरीपेक्षा खाली बसवलं नाही तिनं. नंतर प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी, सगळ्यांनी आपापल्या परीनं केली, पण ती पहिली वाट हिची.

जतचा_पोरगा

बघतो. पटेलच असं नाही.

वाई_घाट

सातारकर मधेच घुसतोय. सांगलीनं जन्म दिला म्हणता, आमच्या वाईच्या वाट्याला शेवट आला. १२ फेब्रुवारी २००१, वाईहूनच मुंबईला परत जाताना एक्सप्रेसवेवर भाताण बोगद्यापाशी अपघात झाला. इकडं प्रयोगासाठी आल्या होत्या. 'पुलं, फुलराणी आणि मी' असं नाव होतं कार्यक्रमाचं. वय बावन्न फक्त. नवरा शफी इनामदार आधीच १९९६ ला गेलेले. तेही विनोदातले दादा माणूस, 'ये जो है जिंदगी' आठवा, त्यात पण कुंदन शहा होतेच.

म्हणजे बघा, शेवटच्या कार्यक्रमाच्या नावात पण फुलराणीच. तिला तिनं स्वतः सोडलं नव्हतं. मग आपण कशाला सोडवायची?

कृष्णाकाठची

हे वाचून दोन मिनिटं काही टाईप करता येईना. बरोबर आहे तुमचं, तिनं सोडली नव्हती. मी फुलराणी काढून टाका म्हणतच नाहीये. शेजारी शोभा सेनला पण बसायला जागा द्या एवढंच.

गावभाग_काका

आत्ता जेवण झाल्यावर लावला होता पिक्चर. डोळे मिटून आवाज ऐक म्हणालीस तसा ऐकला. त्या बातम्या आम्ही पुण्याला मेहुण्याकडं गेलो की बघायचो. आवाज तोच आहे. सांगलीच्या मुद्द्यावर माझं मत बदललेलं नाही.

पेवातली_हळद

मी पण बघणार रविवारी. तोवर "कुणीही चाललं असतं" हे वाक्य मागं घेतो, श्रेयाचं मात्र अजून कायम.

कृष्णाकाठची

काका, थँक्यू. आणि एक काम आहे सगळ्यांकडं. लेकीनं ठरवलंय यंदा गॅदरिंगला स्वगत करायचं नाही, एक छोटा प्रसंग मराठीत बसवायचा, एडिटर बाई आणि बिल्डर. टेबल, फोन, दोन खुर्च्या, बाकी काही नाही. ती एडिटर. बिल्डर करायला कुणी मिळेना, मुलं म्हणतात सगळा हशा तीच खाणार. कवलापूरचे ढोलकीवाले, तुमच्याकडं कुणी पोरगं असेल तर कळवा. मार खायची तयारी पाहिजे.