आजीची एकटी कुडी आणि एक चेपकी पाटली: मोडून नवं करताना काय काय विचारायचं?

एकटी_कुडी

नमस्कार मंडळी. राहते पार्ल्याला, नोकरी फोर्टात, सोन्यातलं ज्ञान अक्षयतृतीयेच्या जाहिरातींपुरतं.

माझ्याकडे आजीच्या दोन वस्तू आहेत. एक तिच्या लग्नातली, म्हणजे १९५१ सालची, मोत्याची कुडी. जोडी नव्हे, एकच. दुसरी १९९८ साली मावसभावाच्या मुंजीत दादरच्या कार्यालयात हरवली. पंगत अर्धी टाकून सगळ्या बायका सतरंज्या झटकत होत्या, एवढं आठवतं. उरलेली तेव्हापासून फोटोच्या रिळाच्या डबीत कापसावर झोपून आहे. सहा मोती, मध्ये लाल खडा. घरात त्याला 'बर्माचं माणिक' म्हणतात. दुसरी वस्तू आत लाख भरलेली सोन्याची पाटली, तीही एकटीच. तिची जोडीदारीण बाबांच्या कॉलेजच्या फीमध्ये गेली. वजन १८.४०० ग्रॅम.

डिसेंबरात चाळिशी लागतेय. स्वतःसाठी एक अंगठी आणि गळ्यात घालायला एक पदक करावं म्हणते. पण छोट्या खाणींत पाऱ्याने सोनं वेगळं करतात, तो पारा माणसांच्या अंगात जातो, हे वाचल्यापासून नवीन सोनं घ्यायचं मनात येईना. झवेरी बाजारात दोन दुकानं फिरले. एक म्हणाला, "मॅडम, हॉलमार्क आहे ना, मग सगळं एथिकलच." दुसऱ्याने विचारलं, "एथिकल हा कुठला ब्रँड?" दुसरा मला जास्त आवडला, निदान खोटं बोलला नाही.

विचारायचं काय आणि कुणाला, सांगाल का? अंगठीत एखादा बारीक हिराही हवाय. तो खाणीतला घ्यावा की लॅबमधला?

चाळीतला_सोनार

ताई, आधी एक सांगतो. पाटली खुशाल मोडा, कुडी मोडू नका. तिचे मोती काढून इकडे तिकडे बसवले की ती कुणाचीच राहत नाही. मागची दांडी आणि फिरकी काढून वर कडी लावली की तेच तुमचं पदक.

वडिलांची गिरगावात पोटमाळ्यावर पेढी होती. मी बाकावर बसलो नाही, पण सतरा वर्षं सीप्झमध्ये, म्हणजे अंधेरीच्या निर्यात वसाहतीत, दागिन्यांच्या क्वालिटी कंट्रोलला आहे. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं.

पहिल्या दुकानदाराने अर्धंच सांगितलं. हॉलमार्क फक्त शुद्धता सांगतो. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, मग २२के९१६ किंवा १८के७५०, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकून बघता येतो. पण सोनं कुठल्या खाणीतलं, दागिना कुणी घडवला, त्याला किती मजुरी मिळाली, यातलं काही त्यात नसतं. शिवाय दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूला सक्ती नाही.

खाणीचा माग काढणं तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली, आपल्याकडचं बहुतेक सोनं बाहेरून येतं आणि एकदा आटलं की सगळं एक होतं. म्हणून तुमच्या मनाला जे हवंय ते तुमच्या डबीतच आहे. आजीची पाटली आटवा. त्यासाठी नवीन कुठे काही खणावं लागत नाही.

मात्र आटणी समोर बसून करून घ्या. 'ठेवून जा, संध्याकाळी या' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. आधी मशीनवर पाटलीचा टक्का, म्हणजे शुद्ध सोनं किती, ते बघायचं. मग लाख जाळायची (वास घरी येईपर्यंत केसांतून जात नाही), मग मुशीत टाकणखार घालून सोनं. लगड (आटवलेल्या सोन्याची कांडी) गार झाली की काटा शून्यावर आहे हे बघून वजन, आणि लगडीचा पुन्हा टक्का. हा दुसरा टक्का खरा, कारण पाटलीच्या आतला डाख, म्हणजे सांधे जोडायला वापरलेला हलका धातू, वरून दिसत नाही. 'बावीस कॅरेटची' म्हणून सांभाळलेली जुनी वस्तू ८७-८८ टक्क्यांवर आली तर सोनाराने चोरलं असं समजू नका, तो डाख असतो. शंका आली तर बीआयएसमान्य हॉलमार्किंग केंद्रावर जा. चार वस्तूंपर्यंत तपासणीचे २०० रुपये घेतात.

आता घट. घडवताना सोनं झिजतं, ते तुमच्या हिशोबातून वजा होतं. पण ते जातं कुठे? कारागिराच्या बाकाखाली चामडं लावलेलं असतं, कानसलेला कीस त्यात पडतो. संध्याकाळी ब्रशने तो गोळा करतात. हात धुवायला वेगळं घमेलं, त्याचा गाळ साठवतात. झाडलेली धूळसुद्धा झारेकऱ्याला, म्हणजे धुळीतून सोनं काढणाऱ्याला, विकली जाते. काळबादेवीच्या गल्ल्यांत पहाटे गटाराच्या कडेला ब्रश घेऊन बसलेली माणसं पाहिली असतील, ती हेच करतात. म्हणजे घटीतलं बरंचसं सोनं परत येतं, फक्त तुमच्याकडे नाही. म्हणून घट किती टक्के ते आधी लिहून घ्या. मजुरीवर घासाघीस करू नका, घटीवर करा. मजुरी कारागिराच्या पोटात जाते.

आणि एक प्रश्न जरूर विचारा: डाखाला काय वापरता? केडीएम हा शब्द ऐकला असेल. आपल्याकडे बायका तो शुद्धतेचा शिक्का समजून मिरवायच्या. ते कॅडमियम. तापवताना त्याचा जो धूर होतो तो कारागिराच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत जातो. हॉलमार्कमध्ये ते बसत नाही, पण पोटमाळ्यावर कोण बघायला जातं? तुम्ही जा. जिना चढून कारखाना बघू द्या म्हणा. पंखा ओढतो का, खिडकी आहे का, बाकावर बसलेला मुलगा किती वर्षांचा दिसतो, तेजाबाची बरणी उघडी आहे का. आफ्रिकेतली खाण तुम्हाला दिसणार नाही, हा माळा दिसेल.

'बर्माच्या माणकाबद्दल' आत्ताच मन मोडत नाही, पण १९५१ च्या कुडीतला खडा दहापट भिंगाखाली एकदा बघून घ्या. आत वाकड्या रेघा आणि बुडबुडे दिसले तर मला शिव्या देऊ नका.

भुलेश्वर_रिटर्न

काकांशी शंभर टक्के सहमत. माझं दुःख सांगतो, दुसऱ्या कुणाचे तरी पैसे वाचतील.

बायकोसाठी माणकाची अंगठी घेतली होती, चांगला पाच कॅरेटचा खडा, रंग असा की डोळे निवावेत. दोन वर्षांनी बोटात घट्ट झाली म्हणून मोठी करायला दिली. कारागिराने खडा न काढताच सोनं तापवायचा दिवा लावला. परत आली तेव्हा खड्यावर चेचकाचे वण पडावेत तसे खड्डे. माणिक होतं, पण भेगांमध्ये शिशाची काच भरलेली. उष्णतेने काच उकळून बाहेर आली. अशा खड्याला लिंबाचा रससुद्धा सोसत नाही म्हणे. दुकानात भांडायला गेलो तर त्यांनी बिल पुढे केलं. बिलावर लिहिलं होतं: 'रेड स्टोन'. दोन शब्द. भांडण संपलं.

तेव्हा खड्याचं नाव, वजन, आणि त्याच्यावर काय प्रक्रिया केलीय (तापवलेला, तेल भरलेला, काच भरलेला) हे बिलावर लिहून घ्या. नुसता तापवलेला माणिक चालतो, बाजारातले बहुतेक तसेच. पाचूत बहुतेक वेळा तेल असतं, म्हणून तो अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुवू देऊ नका.

एक_शंका

एथिकल दागिना म्हणजे शाकाहारी मटण. ज्याला टोचतं त्याने सोनं घालू नये. एवढा विचार करून लोक भाजी तरी घेतात का?

एकटी_कुडी

@एक_शंका, भाजीवालीशी मी रोज बोलते, तिच्या मुलाची दहावीची टक्केवारीही माहीत आहे. सोनाराशी आयुष्यात दोनदा बोलणार, म्हणून विचारून घेतेय.

@चाळीतला_सोनार काका, घटीचं वाचून थक्क झाले. अजून दोन गोष्टी सांगा. अंगठी २२ कॅरेटची करू की १८? आणि हिऱ्याचं राहिलं. दुकानात एकाने किंबर्लीचं सर्टिफिकेट आहे म्हणून सांगितलं.

चाळीतला_सोनार

खडा बसवायचा तर १८. बावीस मऊ असतं, पकडीच्या नख्या लोकलच्या दांड्याला घासून घासून उघडतात आणि हिरा कुठे चर्नी रोडला पडला ते कळतही नाही. जाता जाता: सोन्याचा कॅरेट म्हणजे चोवीस भागांतले शुद्ध भाग किती, आणि खड्याचा कॅरेट म्हणजे वजन, ०.२ ग्रॅम. माझे वडील दोन्ही शब्द मानत नसत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, बस्स.

किंबर्ली प्रक्रिया म्हणजे कच्च्या हिऱ्यांच्या व्यापारावरची आंतरराष्ट्रीय व्यवस्था, २००३ पासून आहे. तिच्या व्याख्येत बंडखोर टोळ्यांच्या लढाईला पैसा पुरवणारे कच्चे हिरे तेवढे बसतात. खाणीतला मजूर, सुरतेत घंटीवर (पैलू पाडायच्या चाकावर) बसणारा रत्नकलाकार, यांचं त्यात काही नाही. तो कागद कच्च्या मालाच्या पार्सलबरोबर फिरतो, तुमच्या बारीक हिऱ्याचा असा वेगळा कागद नसतोच.

लॅबमधला हिरा हा हिराच. फरक साध्या टेस्टरला कळत नाही, प्रयोगशाळेतली मशीनं लागतात. खाण नाही हे खरं, पण तो वाढवायला वीज भरपूर लागते, आणि ती कोळशाची की सौर हे कुणी सांगत नाही. आणि परत घेण्याचा भाव आधी विचारा, उत्तर ऐकताना चेहरा बघा. माझं मत विचाराल तर घरात जुना हिरा शोधा. आपल्याकडे प्रत्येक घरात एखादी मोडकी चमकी असतेच.

कुडीला कडी लावताना मोत्याजवळ दिवा नको, मोती जळून तपकिरी पडतो. कडी वेगळी घडवून तारेने गुंफा, नाहीतर लेझर वेल्डिंग. लेझरला उष्णता पसरत नाही.

एकटी_कुडी (दोन महिन्यांनी)

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

चार ठिकाणी विचारलं, तिघांनी माळा दाखवायला नकार दिला. चौथे काळबादेवीतले, लाकडी जिना एवढा उभा की पर्स गळ्यात अडकवून चढले. वर सहा कारागीर, सगळे बंगालचे, एक मोठा ओढपंखा, आणि भिंतीवर कालीमातेशेजारी मुंबादेवी. शेठनी 'डाखाला काय' या प्रश्नावर आधी माझ्याकडे बघितलं, मग कारागिराकडे. त्याने डाखाची पट्टी आणून हातावर ठेवली. म्हणाला, दीदी, जस्त. पट्टीकडे बघून मला काय कळणार? पण विचारल्याचं त्याला बरं वाटलेलं दिसलं.

पाटली: लाख जाऊन लगड १७.१५० ग्रॅम, टक्का ८८.५. म्हणजे शुद्ध १५.१८. अंगठी ४.६०० आणि पदकाची चौकट साखळीसकट ७.२००, दोन्ही १८ कॅरेट, म्हणजे शुद्ध ८.८५. घट अडीच टक्के ठरली (सुरुवात सहापासून झाली होती, काका!). लगडीचा उरलेला ६.९०० चा तुकडा परत मिळाला. हे गणित मी तिथेच मोबाईलवर केलं आणि शेठनी वहीत केलं, दोघांचं जुळलं. तिन्ही वस्तूंवर एचयूआयडी आहे – अंगठी, चौकट, साखळी – आणि बिलावर निव्वळ वजन, शुद्धता, हॉलमार्कचे पैसे वेगवेगळे.

हिरा मामीच्या मोडक्या चमकीतला. ०.०८ कॅरेट, एका बाजूला कपची उडालेली. ती नखीखाली दडवली.

आता माणिक. प्रयोगशाळेचा अहवाल आला: सिंथेटिक रुबी. वाकड्या रेघा, बुडबुडे, काका म्हणाले तसंच. शोधल्यावर कळलं की व्हर्नोई नावाच्या फ्रेंच माणसाने ज्वाळेत माणिक बनवायची रीत १९०२ मध्येच जाहीर केली होती. म्हणजे लॅबचा खडा घ्यावा की नाही म्हणून मी इथे धागा काढला, आणि आजी तो १९५१ पासून कानात घालून हिंडत होती. मोत्यांचा एक्स-रे झाला: पाच नैसर्गिक, एक कल्चर्ड (माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला), कधीतरी बदललेला. कोणी, कधी, घरात कुणालाच माहीत नाही. आईला अहवाल वाचून दाखवला. तिने तो नीट घडी करून परत दिला आणि शेजारच्या काकूंना सांगितलं, "बर्माचं माणिक आहे, सासूबाईंचं."

चाळीतला_सोनार

वा! तो ६.९०० चा तुकडा डबीत टाकाल तेव्हा टक्क्याची चिठ्ठीही त्यातच घाला. दहा वर्षांनी वजन काट्यावर कळतं, ८८.५ कुणाला आठवत नाही. आणि कुडी घालण्याआधी अत्तर लावून घ्या, नंतर नाही.