मेंदूच्या गाठीच्या जागी औषधाच्या चकत्या: ठेवाव्यात का?

कवडसा:
ग्लिओब्लास्टोमाची (मेंदूच्या झपाट्यानं वाढणाऱ्या कर्करोगाची) गाठ काढल्यावर उरलेल्या खळग्यात कार्मुस्टीन या कर्करोगावरच्या औषधाच्या चकत्या (व्यापारी नाव ग्लियाडेल) ठेवतात. नाण्याएवढी चकती, १ मिमी जाड, प्रत्येकीत ७.७ मिग्रॅ औषध, जास्तीत जास्त आठ. दोन-तीन आठवडे हळूहळू औषध झिरपत राहतं. हेच शिरेतून दिलं तर काही मिनिटांतच रक्तातून ओसरतं, वर अस्थिमज्जा आणि फुप्फुसांना त्रास. गाठ बहुतेकदा मूळ जागेच्या दोन सेंटिमीटरच्या आतच परत उगवते. मग औषध तिथंच का नको?

रानजाई:
मला नाही पटत. चकत्यांच्या २००३ च्या चाचणीत ग्लिओब्लास्टोमा आणि मेंदूच्या तशाच इतर गाठींचे मिळून २४० रुग्ण होते, मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण जितकं जगले तो काळ) ११.६ वरून १३.९ महिन्यांवर गेलं. पण फक्त ग्लिओब्लास्टोमाचे रुग्ण वेगळे काढले तर फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. शिवाय औषध मेंदूत काही मिलिमीटरच पसरतं, गाठीच्या पेशी त्याच्या कितीतरी पुढे गेलेल्या असतात.
माझ्या वडिलांना ठेवल्या होत्या. दहाव्या दिवशी उशीवर पाण्यासारखा डाग दिसला. घाम असेल म्हणून मी अभ्रा बदलला, तासाभरात तोही ओला. टाक्यांतून मेंदूतलं पाणी गळत होतं. पुन्हा शस्त्रक्रिया, आणि रेडिएशन लांबलं.

कवडसा:
वाचून फार वाईट वाटलं. तरी एक मुद्दा सोडवत नाही. जखम भरेपर्यंत रेडिएशन देता येत नाही, तीन-चार आठवडे रुग्ण उपचाराविना असतो आणि गाठ थांबत नाही. त्या काळात काम करणारं दुसरं काय आहे?

दीपमाळ:
मी ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका आहे. चकत्या उणे २० अंशांवर ठेवतो, पाकीट आयत्या वेळी उघडतो. दोन तुकडे झाले तर चालतं, जास्त झाले तर टाकून द्यायची. खळगा मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत मोठ्या भोकानं उघडला असेल तर ठेवत नाहीत. जखम घट्ट शिवली जाणं सगळ्यात महत्त्वाचं, रानजाईंचा अनुभव तेच सांगतो. माझा कौल चकत्यांच्या बाजूनं, पण निवडून.

रानजाई:
निवडून म्हणजे कोणी निवडायचं? ठेवायच्या की नाही हे टेबलावर ठरतं, तेव्हा रुग्ण भूल दिलेला असतो. चकत्या ठेवल्या की काही नव्या औषधांच्या चाचण्यांची दारं बंद होतात, हेही आधी सांगायला हवं. आम्हाला चकत्यांचं नाव पहिल्यांदा डिस्चार्जच्या कागदावर दिसलं.