जेलीफिश आणि तारामासा दोन्ही गोल, मग संघ (वर्गीकरणातले मोठे गट) वेगळे का?

चोपडेकर_मास्तर:
चोपडा तालुक्यात दहावीला विज्ञान शिकवतो. वर्गीकरणाच्या धड्यात मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, दोघांना डोकं नाही, मेंदू नाही, कुठूनही पाहा सारखेच. मग जेलीफिश निडारिया संघात आन तारामासा कंटकचर्मी संघात कसा?" द्विस्तर-त्रिस्तर सांगितलं, म्हणजे जेलीफिशचं शरीर पेशींच्या दोन थरांपासून बनतं, तारामाशाचं तीन, पण त्याला पटलं नाही. आमच्या पोरांना समुद्र पाहायचा तर सुरत पॅसेंजर धरावी लागते. शाळेत एक वाळका तारामासा आहे, तेवढाच. कसं समजावू?

तापीकाठ:
पोरगं भारी आहे भो! कुव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानेही १८१७ मध्ये या दोघांना एकाच 'अरीय' (चाकाच्या आऱ्यांसारख्या गोल रचनेच्या) गटात टाकलं होतं. १८४७ च्या सुमारास ल्युकार्ट या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने आणि इतरांनी त्यांना वेगळं काढलं.

थर राहू द्या, आधी पोट दाखवा. जेलीफिशला दार एकच. खायचंही तिथूनच आणि उरलंसुरलं टाकायचंही तिथूनच. बाहेर एक थर, आत एक थर, मधे नुसती जेली. तारामाशाचं तोंड खाली आणि गुदद्वार वर, आतड्याभोवती खरी देहगुहा, म्हणजे शरीरातली पोकळी. आणि खातो कसा, तर नलिकापादांनी, म्हणजे नळीसारख्या बारीक पायांनी, शिंपला ओढून बारीकशी फट पाडतो, मग स्वतःचं जठर तोंडातून बाहेर काढून त्या फटीत सारतो. शिकार तिथल्या तिथे पचायला लागते! ते पाय पाण्याच्या दाबाने पुढे सरतात. ट्रॅक्टरची ट्रॉली तेलाच्या दाबावर उचलते ना, तसंच. हे पोरांना लगेच कळेल. जेलीफिशकडे असलं काही नाही, तिची भिस्त दंशपेशींवर, म्हणजे डंख मारणाऱ्या पेशींवर.

तो वाळका तारामासा पोरांच्या हातात द्या. खरखर लागते ती कातडीखालच्या चुन्याच्या तुकड्यांची. जेलीफिश वाळली तर दाखवायला काही उरतच नाही, जवळजवळ सगळं पाणीच.

भुसावळची_लोणारी:
गोलाईचं राहिलं. तारामाशाची अळी डावी-उजवी सारखी असते, आपल्यासारखी. पाच बाहूंचा गोल आकार नंतर येतो. शिवाय भ्रूणात पहिलं भोक पडतं त्याचं गुदद्वार होतं, आपल्यातही तसंच. म्हणजे तारामासा जेलीफिशपेक्षा आपल्याला जवळचा. हे सांगा, मागचा बाक उठून बसेल.

चोपडेकर_मास्तर:
अळीचं पेपरात लिहिलं तर मार्क मिळतील ना?

भुसावळची_लोणारी:
मिळतील की, पुस्तकातच आहे ते. जठराचं मात्र मधल्या सुट्टीनंतर सांगा, डबे खाऊन होऊ द्या.